वडलांना शब्द सापडेनात, स्पीच थेरपी लावली तर बोलणं परत येईल का?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुम्ही सेलूचे, वडील म्हणजे अण्णा ७३ वर्षांचे, मोंढ्यात चाळीस वर्षं आडत केली, दोन वर्षांपासून शब्द अडकायलेत, "ते... ते आण की" एवढ्यावरच गाडी थांबते, न्यूरोच्या डॉक्टरांनी अल्झायमर सांगितलाय आणि त्याची डोनेपेझिल ही गोळी चालू आहे. कुणीतरी सुचवलं म्हणून फळं, प्राणी, वाहनं अशी चित्रकार्डं आणली, रोज संध्याकाळी नात समोर बसून "आजोबा हे काय, हे काय" विचारते, आधी सांगायचे, मागच्या आठवड्यात त्यांनी कार्डं फेकून दिली आणि तेव्हापासून गप्प गप्प आहेत. आता तुम्ही विचारताय की थेरपीनं बोलणं परत येईल का, किती महिने लागतील आणि एखादं अ‍ॅप आहे का.

मी स्पीच थेरपिस्ट आहे, अठरा वर्षं झाली, अर्धं काम संभाजीनगरात आणि अर्धं जालना-परभणी-बीडकडं लोकांच्या घरी जाऊन. माझं पहिलं सांगणं एवढंच की ती कार्डं आजच कपाटात ठेवून द्या आणि नातीला सांगा की तुझं काही चुकलं नाही, बाकीचं मग बघू.

आता खरं उत्तर. लकव्यानंतर जी वाचा जाते ना, तिथं मेंदूला एकदा मार बसलेला असतो आणि पुढं तो हळूहळू सावरतो, म्हणून तिथं गेलेलं बोलणं परत आणायसाठी आपण झटतो आणि बऱ्याच जणांत ते बरंचसं येतंही. अल्झायमरमध्ये तसं नाही, आजार पुढं सरकत राहतो, त्यामुळे "सहा महिन्यांत अण्णा पहिल्यासारखे बोलतील" असं कुणी म्हणालं तर त्याला पैसे देऊ नका. पण याचा अर्थ थेरपीचा उपयोग नाही असाही नाही, आणि मला वाईट याचंच वाटतं की एवढं ऐकलं की घरचे लोक "मग राहू द्या, साठी बुद्धी नाठी" म्हणून सोडून देतात. अण्णांशी घरातल्यांचा संवाद आणखी बरीच वर्षं चालू ठेवता येतो, त्यांना काय पाहिजे ते कळून घेता येतं, चिडचिड कमी करता येते, काही थोडे शब्द आणि वाक्यं टिकवता येतात. फक्त ते काम निम्मं अण्णांवर आणि निम्मं तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यावर करायचं असतं, आणि दुसरं निम्मं जास्त महत्त्वाचं.

कार्डांनी काय होतं ते सांगते. तुमच्याच धंद्यातलं उदाहरण घ्या. गोदामात माल आहे, पण कोणता माल कोणत्या थप्पीला लागलाय ती चिठ्ठी हरवलीय. अण्णांना आंबा माहितीय, त्याची चव माहितीय, केशर का हापूस तेही कळतं, पण "आंबा" हा शब्द वेळेवर निघत नाही. चित्र बघून एकट्या वस्तूचं नाव सांगणं हे या आजारात फार लवकर अवघड होणारं काम आहे, आणि आपण रोज संध्याकाळी नेमकं तेच करायला लावतो, वर संध्याकाळी तर मेंदू आधीच थकलेला असतो आणि बऱ्याच जणांचा गोंधळ त्याच वेळेला वाढतो. ज्या माणसाच्या शब्दावर मोंढ्यात लाखाचे सौदे झाले त्यानं दहा वर्षांच्या पोरीसमोर रोज नापास व्हायचं. मग तो बोलणंच बंद करतो, कारण न बोललं तर निदान चुकत तरी नाही. ते गप्प झालेत ते आजार एका आठवड्यात एवढा वाढला म्हणून असेलच असं नाही, बऱ्याचदा हे असं असतं.

पण एक बाजू तपासून घ्या. बोलणं अचानक, म्हणजे दोन-चार दिवसांत कमी झालं असेल, सोबत सुस्ती, भ्रम, ताप, लघवीला जळजळ असं काही असेल किंवा मध्ये कुठं पडले असतील तर आधी डॉक्टर गाठा. लघवीचं इन्फेक्शन, अंगातलं पाणी कमी होणं, सोडियम कमी होणं, डोक्यात मार लागून हळूहळू रक्त साचणं, यानं म्हातारा माणूस एकदम बदलतो आणि यातलं बरंचसं बरं होण्यासारखं असतं. तोंड वाकडं, हातपाय लुळा असं दिसलं तर मिनिटभरही थांबू नका. बी-१२ आणि थायरॉईडची तपासणी झालीय का बघा. गोळ्यांची पिशवी सगळी डॉक्टरांसमोर उपडी करा, झोपेच्या, अ‍ॅलर्जीच्या आणि काही लघवीच्या गोळ्यांनीसुद्धा विसराळूपणा आणि गोंधळ वाढतो. मात्र आपल्या मनानं काहीच बंद करू नका.

आणि कान! हे मी प्रत्येक घरी सांगते. जालन्याकडच्या एक आजी "काहीच समजत नाही आता" म्हणून आमच्याकडं आणल्या होत्या, दोन्ही कानात मळ घट्ट बसलेला, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी काढला आणि दुसऱ्या दिवशी आजी सुनेला म्हणाल्या, "वरडायलीस कामून?" डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश (अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार), होताच, तो काही गेला नाही, पण अर्धं "समजत नाही" हे "ऐकू येत नाही" होतं. ऐकू कमी येणं हे डिमेन्शियाच्या टाळता येण्यासारख्या कारणांतही मोजलं जातं, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये अशी एकूण १४ कारणं दिलीत त्यात हे आहे. तेव्हा ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू येण्याची तपासणी, करून घ्या, चष्म्याचा नंबर बघा, कवळी सैल असेल तर नीट करून घ्या, सैल कवळीनं उच्चार बिघडतात आणि माणूस तोंड उघडायला लाजतो.

न्यूरोच्या डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा: अण्णांचं आधी काय गेलं, आठवण का भाषा? म्हणजे सुरुवातीला हिशोब, रस्ते, माणसं, कालच्या गोष्टी सगळं ठीक होतं आणि फक्त शब्दच अडकत होते का? कारण काही जणांत आजाराची सुरुवातच भाषेपासून होते, त्याला प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेझिया म्हणतात, मार्सेल मेसुलम यांनी १९८२ मध्ये असे पेशंट पहिल्यांदा नीट मांडले आणि २०११ मध्ये त्याचे तीन प्रकार ठरले. एका प्रकारात व्याकरण आणि उच्चार तुटतात, एकात शब्द शोधायला आणि लांब वाक्य परत म्हणायला त्रास होतो, आणि एकात शब्दाचा अर्थच पुसला जातो, म्हणजे मघाच्या उदाहरणात चिठ्ठी नाही, थप्पीच गेली, "कात्री म्हणजे काय?" असं माणूस तुम्हालाच विचारतो. हे असेल तर थेरपीचा बेत बदलतो, तिथं रोजच्या कामाचे ठराविक वीस-तीस शब्द निवडून नियमित सराव केला तर ते शब्द बरेच दिवस टिकतात. सराव थांबला की सुटतात, आणि सराव न केलेल्या शब्दांना फायदा फारसा पोचत नाही, म्हणून शब्द निवडताना हत्ती-विमान नाही, तर बायकोचं नाव, पाणी, चष्मा, संडास, दुखतंय हे.

आता घरात काय करायचं. एका वेळेला एकच गोष्ट बोला. टीव्ही बंद करून, समोर बसून, त्यांच्या डोळ्यात बघून. "अण्णा, आंघोळ करून घ्या मग डॉक्टरकडं जायचंय आणि येताना मामाकडं थांबू" हे वाक्य तुम्हाला एक वाटतं, त्यांच्यासाठी ती तीन कामं आहेत आणि शेवटचं ऐकेपर्यंत पहिलं निसटलंय. "आंघोळीचं पाणी काढलंय" एवढंच म्हणा आणि टॉवेल हातात द्या. "तो आला होता" नको, "गणेश आला होता" म्हणा, तो-ती-ते म्हटलं की कोण ते शोधायचं ओझं त्यांच्यावर पडतं. "काय खाणार?" नको, "भाकर का भात?" म्हणा, आणि दोन्ही ताटं दाखवता आली तर आणखी चांगलं. मग थांबा. मनातल्या मनात दहा मोजा. हे दहा सेकंद घरच्यांना फार जड जातात, मी स्वतः सुरुवातीची दोन-तीन वर्षं थांबायला शिकत होते, मध्येच शब्द देऊन मोकळी व्हायचे आणि नंतर रेकॉर्डिंग ऐकताना कळायचं की पेशंटचे ओठ तर हलायला लागले होते, मीच बोलून टाकलं. दहा सेकंदांनीही नाही आलं तर मात्र ताणू नका, शब्द सरळ देऊन टाका, "चष्मा पाहिजे का अण्णा?" त्यांना चुका करत करत शिकवायचं नाही, डिमेन्शियात माणसानं चूक केली की चूकच पक्की होते, म्हणून बरोबर उत्तर आधी आपण द्यायचं.

चुकीचा शब्द आला तर दुरुस्त करू नका. त्यांनी चहाला पाणी म्हटलं आणि तुम्हाला कळलं, तर चहा द्या आणि "हा घ्या चहा" म्हणा, शब्द कानावर पडला, अपमान झाला नाही. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलू नका, पाहुणे आले की "यांना आता काही कळत नाही हो" हे वाक्य मी किती घरांत ऐकलंय, आणि दर वेळेला त्या माणसाच्या चेहऱ्याकडं बघितलं तर तिथं कळलेलं दिसतं. लहान बाळाशी बोलल्यासारखं लाडिक पण नको. स्वर आणि चेहरा समजण्याची ताकद बहुतेक शब्दांपेक्षा जास्त टिकते, त्यामुळे तुम्ही काय म्हणालात ते सुटेल पण कसं म्हणालात ते लागेल.

सराव पाहिजेच असेल तर त्यांच्या हातातल्या कामातून करा. परभणीकडच्याच एक बाई होत्या, क्लिनिकमध्ये त्यांनी दहा चित्रांतलं एकही नाव सांगितलं नाही, फाइलवर मी "नामनिर्देशन अतिशय कमी" लिहिलं आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरी गेले. सुनेला म्हटलं सुपात थोडी ज्वारी द्या. बाईंनी सूप हातात घेतलं, बोटांनी दाणे पसरले, दोनदा पाखडलं, मी मुद्दाम दुसरं सूप घेऊन वेडंवाकडं पाखडायला लागले तशा म्हणाल्या, "आसं न्हाई माय, फोलपट उडाया पाहिजे, दाणा न्हाई." मग खडा काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या "खडा." न विचारता. क्लिनिकमध्ये ज्या बाईंकडं शब्दच नाहीत असं मी लिहून ठेवलं होतं त्या इथं पूर्ण वाक्य बोलल्या होत्या. त्या दिवसापासून मी घरी गेल्याशिवाय कुणाच्याही भाषेबद्दल शेवटचं मत लिहीत नाही.

अण्णांसाठी तुमच्याकडं तर खजिना आहे. तीन वाट्यांत तूर, मूग, सोयाबीन घ्या आणि त्यांच्यासमोर ठेवा, "हे काय" विचारू नका, "अण्णा, ही तूर कशी वाटते, ओल आहे का?" असं विचारा. ते मूठभर घेतील, बोटांत फिरवतील, सोयाबीन असेल तर दाताखाली फोडतील. "माती हाय", "डागी हाय" असं काही आलं तर आलं, नाही आलं तरी हात बोलतात. जुन्या पट्ट्या, हिशोबाची वही, पायली-आदली घरात असेल तर ती काढा. जुनी लहानपणची मापं आणि पाढे, पावकी-निमकी, हरिपाठ, आरत्या, ही पाठ झालेली भाषा वेगळ्या वाटेनं साठलेली असते आणि फार उशिरापर्यंत टिकते. तुम्ही "सुखकर्ता" म्हणा आणि थांबा, पुढचं ते म्हणतात का बघा. गावात संध्याकाळी मारुतीच्या देवळात हरिपाठ होत असेल तर तिथं बसवा, कडेला, टाळ हातात देऊन.

एक सांभाळा, सगळ्याच आठवणी काढायच्या नसतात. औशाकडच्या एका आजींना घेऊन घरचे जुने फोटो दाखवत होते आणि आजी रात्री उठून दारात जाऊन "भायेर चला, भायेर चला" म्हणायला लागल्या. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनाची रात्र उलटून पहाटे चारच्या सुमाराला झालेला, आणि अल्बममधलं घर तेच पडलेलं घर. मुलगा समजावून सांगायचा की आई त्याला किती वर्षं झाली, पण आजींसाठी ते आत्ताच चाललं होतं. शेवटी ठरवलं की समजवायचं नाही, त्यांच्यासोबत अंगणात जायचं, खाटेवर बसायचं आणि एकेकाचं नाव घ्यायचं, हा इथं आहे, ही इथं आहे, सगळे बाहेर आहेत. दहा-पंधरा मिनिटांत शांत व्हायच्या. तो अल्बम बांधून ठेवला.

भाषा कोणती हेही बघा. बीडमध्ये एक आजोबा होते, ८४ वर्षांचे, घरचे म्हणायचे दुपारी काहीतरी बडबडतात, अर्थ नाही. मी बसून ऐकलं तर ते अलिफ, बे, पे म्हणत होते आणि मध्येच उन्नीस, बीस, इक्कीस मोजत होते. निजामाच्या राज्यात शाळेची सुरुवात उर्दूतून झालेली, पुढं सगळं आयुष्य मराठीत गेलं म्हणून मुलांना ते माहितीच नव्हतं. शेजारच्या गल्लीतले एक रिटायर्ड उर्दू मास्तर दुपारी अर्धा तास यायला लागले, मोठ्या अक्षरातला उर्दू पेपर समोर ठेवायचे, आजोबा मथळे मोठ्यानं वाचायचे, आणि वाचता वाचता मास्तरांशी दोन शब्द बोलायचेही. आपल्याकडं लातूर-नांदेडच्या सीमेवर तेलुगू-कानडी आहे, तांड्यांवर बंजाऱ्यांची गोरमाटी आहे, आणि दवाखान्यात सगळी तपासणी पुस्तकी मराठीत होते, मग "भाषा गेली" असा शिक्का बसतो. हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या टीमनं ६४८ पेशंटचा अभ्यास २०१३ मध्ये छापला, त्यात दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांत डिमेन्शियाची लक्षणं साधारण साडेचार वर्षं उशिरा दिसली, शाळेत न गेलेल्या लोकांतसुद्धा. तेव्हा अण्णांशी तुमच्या घरच्या बोलीतच बोला, "करायलाव", "जायलाव" जसं असेल तसं, मुंबईचा भाऊ आला म्हणून शुद्ध बोलायची गरज नाही.

वाचता येत असेल तर त्यांची एक वही करा. एका पानावर एक फोटो, खाली मोठ्या ठळक अक्षरात एकच वाक्य, त्यांच्या तोंडचं: "हे माझं दुकान." "ही माझी बायको." "माझं गाव सेलू." पंधरा-वीस पानं पुरे. मिशेल बुर्जुआ नावाच्या अमेरिकन स्पीच थेरपिस्टनं ही पद्धत बरीच वर्षं अभ्यासली, आणि आमच्याकडं पण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टिकाऊ उपाय हाच आहे. मोठ्यानं वाचणं बऱ्याच जणांत गप्पांपेक्षा उशिरा जातं, त्यामुळे वही समोर असली की त्यांच्याकडं बोलायला काहीतरी असतं आणि पाहुण्यांकडं पण.

एखादी ठराविक गोष्ट शिकवायचीच असेल, समजा बाहेर पडताना खिशात नाव-नंबरचं कार्ड ठेवणं, तर त्याची एक पद्धत आहे. आधी सांगा, "बाहेर जाताना कार्ड खिशात." लगेच विचारा, "बाहेर जाताना काय घ्यायचं?" ते "कार्ड" म्हणाले की अर्ध्या मिनिटानं परत, मग एक मिनिट, दोन, चार, आठ असं अंतर वाढवत जा, मधल्या वेळात साध्या गप्पा. चुकले तर "आठवा, आठवा" करू नका, उत्तर तुम्हीच द्या, त्यांच्याकडून म्हणून घ्या आणि आधी जमलेल्या अंतरावर परत या. महिनाभर एकच गोष्ट धरा. हेही तुम्हाला परीक्षेसारखं वाटेल, पण फरक हा की इथं त्यांना जवळपास प्रत्येक वेळी बरोबर येईल असंच अंतर आपण ठेवतो.

हे सगळं सकाळी, चहा-नाष्टा झाल्यावर, पंधरा-वीस मिनिटं. अ‍ॅपच्या भानगडीत मी तरी पडणार नाही, पडद्यावरची कार्डं ती कार्डंच. गटात करायचं असेल तर कॉग्निटिव्ह स्टिम्युलेशन थेरपी म्हणून गप्पा-खेळांतून मेंदूला चालना देणारा एक कार्यक्रम आहे, आठवड्यातून दोनदा असे सात आठवडे, १४ बैठका, सौम्य ते मध्यम आजारात त्याचा फायदा दिसलेला आहे, थेरपिस्टना विचारा.

थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी बघा आणि तुम्हाला घरातल्यांना शिकवायला तयार आहेत का ते विचारा, पेशंटला आत घेऊन दार लावणाऱ्यांपेक्षा तुम्हाला सोबत बसवणारे बरे. सेलूहून दर आठवड्याला संभाजीनगर करायची गरज नाही, एकदा नीट तपासणी, मग महिन्यातून एकदा, मध्ये व्हिडिओ कॉल. पाणी पिताना ठसका लागतो का, जेवायला फार वेळ लागतो का, वारंवार छातीत कफ होतो का हेही त्यांना सांगा, गिळणं बघणं पण आमचंच काम आहे. तोवर अण्णांना आडवं ठेवून कधीच भरवू नका.

तुमच्या आईबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलीय, की ती दिवसभर त्यांच्याजवळ असते आणि आता तीच रडते. आठवड्यातून दोन दुपारी तिला मोकळं करा, तुम्ही बसा किंवा बहिणीला बोलवा. बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस १४४१६ फुकट आहे आणि ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

आणि आवक चालू असेल अशा एखाद्या सकाळी अण्णांना घेऊन मोंढ्यात जा. लिलावाच्या गर्दीत नको, तुमच्याच दुकानात गादीवर अर्धा तास बसवा, जुन्या हमालांना आणि शेजारच्या आडत्यांना आधीच सांगून ठेवा की "ओळखलं का?" विचारू नका, जवळ येऊन स्वतःचं नाव सांगा आणि राम राम करा. त्या अर्ध्या तासात त्यांनी जे काही म्हटलं, एक शब्द का असेना, ते तिथल्या तिथं लिहून आणा आणि मला पाठवा. वहीचं पहिलं पान त्यातून करू.